पाटावर माती

शके १८५५, आषाढ व. ४
आज गणपतीचे आणखी दोन पाट आले. ओटीवर भिंतीला रांग लागलीय. गेल्या वर्षी अण्णा गेल्याचं वर्ष चालू होतं म्हणून सुटलो, गावानं श्रीवर्धनहून गणपती आणले. यंदा सगळे गुमान परत आमच्या दारात. पाट टेकवायचा, वर विडा ठेवायचा आणि म्हणायचं, "अण्णा करायचे तसाच होऊ दे, सदूभाऊ." मुंबईत दोन वर्षं चित्रकला शिकलो ती वडिलांसारखे आखूड मानेचे गणपती करायला? आणि खरं सांगायचं तर तेही जमत नाहीत.

आषाढ व. ८
फळीवर एक केला. सोंड बरी, खांदे मेलेले. मोडला.
अण्णांचा नियम होता. पाटावर हळदकुंकू वाहून माती ठेवली की ती परत उचलायची नाही. वेडावाकडा झाला तरी तोच देव, तोच त्या घरी जायचा. म्हणून मी पाटाला हातच लावत नाही. आधी फळीवर जमू दे. फळीवरचा मोडता येतो.
जेवायला वाढताना यमू म्हणाली, "अहो, त्या फळीवर कितीदा देव आला नि गेला!" बायको आहे की कोण!

आषाढ अमावास्या
आई अंथरुणाला खिळली. छातीत घरघर, ताप उतरत नाही. वैद्यांनी काढा दिला.
दिवसभर माती मळली. केलं काही नाही.

श्रावण शु. ३
रंग चांगले हवेत. मुंबईचे. पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणजे माणगावमार्गे मागवायला हवेत, बैलगाडीनं येतील तेव्हा येतील. तोवर घाई करून काय उपयोग, असं यमूला समजावलं.
"माती पण मुंबईहून यायचीय का?"
चिडून ताटावरून उठलो. उपाशी राहिलो, दुसरं काय.

श्रावण शु. ५
नागपंचमी. हिरू कोळीण पाट घेऊन आली. जुन्या होडीची फळी तासून केलेला, खिळ्यांची भोकं तशीच. तिची तीन पोरं गेली, चौथं तगलं.
"पोर जगलं तर गनपती आनीन बोलले होते देवाला. पोर जगलं. आमच्यात पयलाच हाय. सदूदादा, तुमी कसा पन करा, पन करा."
हो म्हणालो. म्हणायला काय जातं. ती गेल्यावर पाट रांगेत सगळ्यांत मागे सरकवला.

श्रावण शु. ९
वैद्य मला अंगणात घेऊन गेले. म्हणाले, "चतुर्थी दिसेलसं वाटत नाही. मनाची तयारी ठेवा."
लिहू की नको? लिहितो. ऐकल्यावर पहिला विचार रडण्याचा नव्हता. सुतक येईल, असा होता. सुतक आलं की दहा दिवस मातीला हात लावायचा नाही, मग गेल्या वेळेसारखं वर्ष पाळायचं, लोक आपापले पाट उचलून दुसरीकडे जातील आणि मला कुणी काही म्हणणार नाही. उलट हळहळतील. मला हलकं वाटलं. सख्ख्या आईच्या मरणाचं ऐकून मला हलकं वाटलं.
थू माझ्यावर.

श्रावण शु. १०
सकाळपासून आईकडे बघवत नव्हतं. पेज भरवायला यमूलाच पाठवत होतो. दुपारी आईनं हाक मारली.
"सदू, किती झाले?"
"व्हायचेत."
"पाटावर एक तरी?"
"नाही."
उशीवरून मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "मी चतुर्थीपर्यंत जात नाही. तू हात चालव."
तिला माझ्या मनातलं कळलं असेल का? कळलंच असणार. मागीलदारी जाऊन ओक्साबोक्शी रडलो.

श्रावण शु. ११
पाटलांच्या पाटावर माती ठेवली. यमूनं हळदकुंकू वाहिलं. पहिला गोळा कलताच बसला. संध्याकाळपर्यंत गणपती झाला. एक कान मोठा, पोट एका बाजूला, मान अण्णांच्यापेक्षाही आखूड. मुंबईच्या मास्तरांनी बघितला असता तर वर्गातून हाकललं असतं.
मोडायला हात गेला. यमू दारात उभी होती. हात मागे घेतला. बाहेर जाऊन विहिरीवर धुतला.

श्रावण शु. १४
रोज होताहेत. एकही धड नाही. अण्णांसारखाही नाही आणि माझ्या मनातला तर नाहीच. पूर्वी एक मोडला की दोन दिवस डोकं धरून बसायचो. आता बसायला सवड नाही. आईचा खोकला ऐकू आला की हात आपोआप पुढच्या पाटाकडे जातो.
हिरूचा पाट मात्र मागेच ठेवलाय. तो नीट करायचाय.

श्रावण व. ६
पाऊस. माती वाळेना. अण्णा आषाढ लागतानाच कामाला बसायचे ते उगीच नाही. शेगड्या पेटवल्या तर तिघांना तडे गेले, एकाची सोंडच निखळली. लिंपून बसवली. सांधा दिसतो. दिसू दे.
आई पेज घेत नाही. नुसतं पाणी, चमच्यानं.

श्रावण अमावास्या
मुंबईचे रंग आलेच नाहीत. गेरू, पिवडी आणि घरचं काजळ. आजपासून डोळ्यांची आखणी. पाटील येऊन बघून गेले. "डोळे जरा रागीट झालेत रे." म्हटलं, "होय, झालेत." त्यांनी पुन्हा एकदा वाकून बघितलं, नमस्कार केला आणि निघाले. मी पुढचा पाट ओढला.

भाद्रपद शु. ३, हरितालिका
सकाळपासून लोक येताहेत. पावसात इरल्याखाली धरून एकेक गणपती घरी गेला. कुणी नाक मुरडलं, कुणी हात जोडले. एका म्हातारीनं सांधलेल्या सोंडेवरून हात फिरवला आणि पदरानं पुसून घेतली.
एक राहिलाय. हिरूचा. काल केला, शेगडीवर वाळवला, सकाळी रंगवला. सगळ्यांत बरा साधलाय, हे मलाही कबूल. फक्त डोळे राहिलेत. ती दिवेलागणीला येणार.
आईला आता धाप लागलीय. वैद्य म्हणाले, कशी तग धरून आहे कळत नाही. मला कळतं. दुपारपासून तीनदा कुंचला हातात घेतला, तीनदा ठेवला. आधी वाटलं डोळे बिघडतील म्हणून भितोय. मग वाटलं, डोळे झाले की आई जाईल म्हणून. टाळाटाळीचा जुना रोग कुठला आणि माया कुठली, मलाच सांगता येईना. आणि डोळे आखायच्या आत ती गेली तर हिरूचा नवस सुतकात. कुठूनही धरा, मेलो.
मघाशी आईनं विचारलं. आवाज असा नव्हताच, ओठ हलले.
"किती राहिले?"
खोटं सांगणार होतो. सांगता आलं नाही.
"एक."
"मग कर की. मला किती ताटकळत ठेवशील?"
यमू तिच्या उशाशी बसलीय. अंगणात हिरूचा आवाज येतोय, पोराला दामटून पायरीवर बसवतेय. काजळ कालवून घेतलंय. कुंचला भिजवलाय, अजून टेकवलेला नाही.