गाडी मीच नेणार

लिएज, ४ मे १९८४

प्रिय इद्रिसदादा,

सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नव्या कारखान्यात पहिल्या वर्षी रजा नाही, हे समजलं. पण म्हणून यंदाही गावी जाणं नाही, हे तू परस्पर ठरवून टाकलंस, ते मला मंजूर नाही. बाबांना झटका येऊन दोन वर्षं होत आली. उजवा हात लुळा, बोलणं घरच्यांनाच जेमतेम कळतं, आणि डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. तिकडे आजी नव्वदीला टेकली. तिला यातलं अवाक्षर ठाऊक नाही, कारण तू बाबांचा आवाज काढून तिला कॅसेटी पाठवतोस. पहिल्या वेळी मीही हसले होते. पण मागच्या कॅसेटीत तू बाबा होऊन सांगून बसलास, की या उन्हाळ्यात मी स्वतः गाडी घेऊन येतोय. यम्मानं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

आता शब्द गेलाय, तर तो पाळायलाच हवा. जुलैत निघायचं. फ्रान्स उतरून स्पेनच्या किनाऱ्यानं अल्मेरिया, तिथून बोटीनं समुद्रापलीकडे मेलिया, तिथली सीमा ओलांडली की पुढे आपलं गाव. बाबा शेजारी, यम्मा मागे बोचक्यांत, आणि गाडी मीच नेणार.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी मिमुंत


ड्यूसबुर्ग, १५ मे १९८४

चि. मिमुंत,

अनेक दुवा.

शेजाऱ्याच्या कुंड्या मागच्या चाकाखाली घेणारी तूच ना? बोटीत गाडी उलटी चढवावी लागते, बाईसाहेब. टपावर माणूसभर उंच सामान, आरशात फक्त गादी दिसते, आणि खलाशी शिट्ट्या मारत अंगावर ओरडतात. तिथं मागे रांग लागली की भलेभले घामाघूम होतात.

आणि गावाचं काय? हद्दूची पोर गाडी चालवते आणि हद्दू बोचक्यासारखा शेजारी बसतो, हे काका ऐकून घेतील? लोकांचं सोड. आजीला धक्का बसून काही बरंवाईट झालं, तर ते कोणाच्या माथी? पुढल्या वर्षी मला रजा मिळेल. मी नेतो सगळ्यांना. तेवढी कळ काढ.

यम्माला सलाम. बाबांच्या हाताचा मुका घे.

तुझा दादा


लिएज, ३ जून १९८४

प्रिय दादा,

सलाम वि. वि.

पुढल्या वर्षाचं म्हणतोस, तर आजीलाच विचारून कळव, ती थांबतेय का. बाबांना मी विचारलं. ते नुसते रडले. बाबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर या विषयावर माझ्याशी वाद घालू नकोस.

कुंड्यांचं म्हणशील, तर बंद पडलेल्या खाणीच्या आवारात रोज संध्याकाळी गाडी उलटी चालवते. टपावर मुद्दाम दोन गाद्या आणि सायकल बांधलीय. रिकाम्या पिंपांच्या दोन रांगा म्हणजे बोटीचा दरवाजा. बाबा खुर्ची टाकून बसतात आणि डाव्या हातानं खुणा करतात. चुकले की काठी आपटतात आणि जे काही बोलतात, ते कळत नाही हेच बरं. पहिल्या आठवड्यात पिंपं माझ्या नावानं बोंबलत होती. आता एकालाही धक्का लागत नाही. परवा बाबांनी काठी आपटलीच नाही, तर मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. यम्मा म्हणते, झटक्यानंतर पहिल्यांदाच हा माणूस पोटभर जेवायला लागलाय.

तिकिटं काढली. माया असू दे.

मिमुंत


ड्यूसबुर्ग, १४ जून १९८४

चि. मिमुंत,

अनेक दुवा.

हरलो बाई. अल्मेरियाला उन्हात रांग लांब असते, बाबांसाठी छत्री आणि पाणी घे. सीमेवर शिपायाशी हुज्जत घालू नकोस. तुझी जीभ मला माहीत आहे.

एकच ऐक. गावाआधीच्या पुलावर गाडी थांबव आणि बाबांना स्टिअरिंगवर बसव. पुढे उतारच आहे, गाडी आपसूक घरंगळत अंगणात जाईल. तू शेजारून हँडब्रेकवर हात ठेव. आजीला दिसतं कितीसं? आवाज काढणारा मी आहे, मिमुंत. तिच्यासमोर खोटा पडायला मी तिथं असणारही नाही, याचीच जास्त लाज वाटते.

सुखरूप पोचा.

दादा


गाव, २० जुलै १९८४

प्रिय दादा,

सलाम वि. वि.

पोचलो. बोटीत एका दमात उलटी चढले. खलाशाला शिट्टी वाजवायलाही सवड मिळाली नाही. सीमेवर जीभ आवरली, हे यम्मालाही खरं वाटत नाही.

पुलावर बाबांनीच थांबायची खूण केली. तुझ्यासारखंच त्यांच्याही मनात आहे, असं मला वाटलं. पण त्यांना फक्त तोंड पुसून आणि केस विंचरून हवे होते. मग पुढे हात केला, चल म्हणून. मी तशीच अंगणात गाडी घातली.

गाडी हाकून आणणाऱ्याला आजी पहिलं दूध आपल्या हातानं पाजते, तुला माहीतच आहे. वाडगा घेऊन ती माझ्या खिडकीशी आली. तिनं चेहरा चाचपला, तिच्या हाताला कानातले लागले. काका मान खाली घालून उभे होते. आजीनं मला म्हटलं, पी, आणलंस ना तू. मग गाडीला हात लावत लावत ती पलीकडे गेली, बाबांचा लुळा हात पदरात घेतला आणि आईपासून एवढं लपवायचं असतं होय रे, असं म्हणून त्यांना चांगलं फैलावर घेतलं. बाबांनी काहीतरी उत्तर दिलं. आम्हाला ते कळलं नाही, तिला कळलं.

दादा, तिला पहिल्या कॅसेटपासून ठाऊक होतं. म्हणाली, माझ्या हद्दूनं जन्मात कधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली नाही. तो सलाम झाला की बदामाच्या झाडांचं विचारतो. हा इतका गोड बोलणारा कोण, हे न ओळखायला मी आंधळी आहे, बहिरी नाही.

तरी दर शुक्रवारी ती काकूला कॅसेट लावायला सांगायची. मी विचारलं, का. तर म्हणाली, नातू एरवी कधी बोलतो माझ्याशी?

तुझ्यासाठी तिनं एक कोरी कॅसेट माझ्या पिशवीत टाकलीय. तिचा निरोप असा, की आता हद्दू माझ्याजवळ आहे, तू तुझ्या आवाजात बोल.

सगळ्यांची माया तुझ्यावर आहेच.

मिमुंत