मामाजींच्या पडण्याची वही

नंदनवन, नागपूर
शनिवार, ११ डिसेंबर १९८२

ती. सौ. इंदुताईंना,
धाकट्या भावजयीचा, वच्छलेचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहोत. तिकडे धान घरात आलं का, आणि भाऊजींचा खोकला ओव्याच्या धुरीने कमी झाला का, ते कळवा. गडावर रामाच्या दर्शनाला गेलात तर माझाही नमस्कार सांगा. मी स्वतः काही दिवस तरी त्याला तोंड दाखवण्यासारखी राहिलेली नाही. का, ते सांगायलाच हे पत्र लिहिते आहे, पण ते एकदम लिहवत नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं. (ह्या वर्षी आवळा चांगला निघाला. मोरावळा केला आहे. तुमची बरणी वेगळी काढून ठेवली आहे.)

मागच्या पत्रात तुमच्या वडिलांबद्दल मी काय काय लिहिलं ते तुमच्याजवळ असेलच. मामाजी काठी घेत नाहीत, कोणाचं ऐकत नाहीत, दोन महिन्यांत तीनदा अंगणात पडले, आता माझ्याने होत नाही, थोडे दिवस रामटेकला न्या. तुमचं लगेच उत्तर आलं की १९ तारखेच्या रविवारी तुम्ही येता, आणि थोडे दिवस कशाला, बाबांना कायमचेच घेऊन जाते. ते ह्यांनी मामाजींना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पलंगाखालची पलटणीतली काळी ट्रंक ओढली, कपड्यांच्या घड्या करून भरल्या, वर मेडलांची डबी ठेवली आणि कुलूप लावलं. हे घर त्यांनी हवालदारकीच्या पेन्शनीतून एक एक खोली करत बांधलं, हे मी तुम्हाला काय सांगू. कुलूप लावून किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. ती हातात आल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

आता वर्गाचं सांगते. माजी सैनिकांच्या इथल्या मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी म्हाताऱ्या शिपायांनी पडू नये म्हणून एक वर्ग काढला आहे, मामाजीही त्यात जातात. डॉक्टरीणबाई शिकवतात. खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहायचं, टाचा वर खाली करायच्या, हात न टेकता खुर्चीतून दहादा उठायचं, खडूच्या रेघेवरून पावलाला पाऊल लावून चालायचं. ब्रह्मदेशाच्या चिखलात दोन पावसाळे काढलेल्या माणसाला आता उभं राहायला शिकवणार, म्हणून मी हसले होते, ताई. (तेही लिहून टाकते, म्हणजे मागे काही राहायला नको.) पहिल्याच दिवशी बावीस जण खुर्च्या धरून एका पायावर उभे असताना रिटायर सुभेदार रुपराव दारातून आत आले. बावीसही उजवे हात खुर्ची सोडून कपाळाला गेले. सुभेदारांनी शांतपणे सलाम घेतला. तोवर नत्थूजी बाबारावांच्या अंगावर आणि बाबाराव दोन खुर्च्यांसकट जमिनीवर. लागलं कोणालाच नाही, पण बाबारावांनी खाली पडल्या पडल्याही हात कपाळावरून काढला नाही म्हणे. तेव्हापासून सुभेदारांना मागच्या दाराने यायला सांगितलं आहे.

इथवर हसून घ्या. पुढे माझीच पाळी आहे.

मामाजी पहिल्यांदा पडले तेव्हा मी महादेवाला अकरा सोमवार बोलले होते. उपास तर आलाच, पण तुळशीपुढचं अंगणही त्या दिवशी रोजच्या दुप्पट घासायचं, असं मनाशी धरलं. तरी ते दुसऱ्यांदा पडले. मला वाटलं, माझ्या सेवेतच काही उणं राहिलं, म्हणून आणखी घासलं. तिसऱ्यांदा पडले तेव्हा मी महादेवावरच रुसले आणि एक दिवस बेल वाहिला नाही. (त्याची क्षमा मागून झाली आहे.)

तर काल शुक्रवारी वर्गात घरच्या बायकांना बोलावलं होतं. आपला माणूस कधी, किती वाजता, कुठे पडला ते लिहून आणा, असा निरोप होता. कोणी काही लिहिलेलं नव्हतं. मी मॅट्रिक झालेली, त्यातून मला वही ठेवायची सवय, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मलाच पुढे बोलावलं. मी पदर सावरला आणि हॉलच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं वाचलं. ४ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी सहा, तुळशीजवळ. १ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी सहा, तुळशीजवळ. २२ नोव्हेंबर, सोमवार, सव्वासहा, तुळशीजवळ. बाईंनी विचारलं, सोमवारी पहाटे तुमच्याकडे काय असतं? ह्या प्रश्नाला शहाण्या बाईने जरा थांबायला पाहिजे होतं. मी थांबले नाही. मी सांगितलं की सोमवारी चादरींचं मोठं धुणं असतं, त्यातलं साबणाचं पाणी मी मोरीत जाऊ देत नाही, सगळं तुळशीपुढच्या फरशीवर ओतून खराट्याने पसरते, फरशी आरशासारखी होते. वर हेही सांगितलं की बाकीच्या बायांनीही असंच करावं. मग त्यांनी विचारलं की त्या फरशीवर पहिला पाय कोणाचा पडतो. मी म्हटलं, मामाजींचा, ते सूर्याला पाणी द्यायला येतात. ते वाक्य बोलता बोलता माझा आवाज बारीक होत गेला, आणि शेवटचा शब्द मलाच ऐकू आला नाही.

माझ्याकडे कोणी बघितलं नाही. सगळे म्हातारे खाली खडूच्या रेघेकडे बघत राहिले. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग नत्थूजी मामाजींना म्हणाले, "काहून गा चंपतराव, तू तं म्हणे मले चक्कर येते."

"येत होती," मामाजी म्हणाले. "आता नाही येत."

त्या चकरेसाठी दवाखान्यातून गोळ्या आणल्या होत्या, ताई. गेले दोन महिने रोज सकाळी मी माझ्या हाताने एक एक देत होते, वर औषध चुकवायचं नाही म्हणून बोलतही होते.

घरी येताना मी चार पावलं मागे चालत होते. कोपऱ्यावर ते थांबले. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, "पयल्याच दिवशी. चप्पल हातात घेऊन वास घेतला, साबणाचा." मग बोलले का नाही, असं मी विचारल्यावर म्हणाले, "आपल्याच पलटणीनं पेरलेला सुरुंग होता वं पोरी. त्याची रिपोर्ट नसतात करत. जागा ध्यानात ठेवाची अन् बाजूनं जाचं. मी तीनदा इसरलो, ते माही चूक. तू देवाचं करून राहिली होती, तुले काय म्हणू?"

मला शिव्या दिल्या असत्या तर घरापर्यंत नीट चालता आलं असतं.

आज फरशी नुसत्या पाण्याने धुतली आणि वाळेपर्यंत पाट आडवा लावून ठेवला. तुळशीपासून दारापर्यंत धरायला दोर बांधला. बाकी लिहिण्यासारखं विशेष नाही. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
वच्छला

ता. क. रविवारी मामाजींना न्यायला येऊ नका. खरं तर एवढंच लिहायला बसले होते. त्यांना मी काल हात जोडून राहा म्हटलं. ते म्हणाले, इंदूचा हुकूम आला आहे, आणि हुकूम जिथून निघतो तिथूनच रद्द होतो. ट्रंक उघडायला तयार नाहीत. तेव्हा एक कार्ड टाका, की घरात धानाची पोती आली, जागा नाही. (ह्यांना अजून काही ठाऊक नाही, आणि कार्डावरचं हेच वाचतात. मोठ्या नणंदेला खोटं लिहायला सांगते आहे, ते पाप माझ्याकडे.) माझं मागचं पत्र मात्र चुलीत घाला.

आणखी एक ता. क., सोमवार सकाळ. पत्र पेटीत टाकायचं राहिलं होतं. आज मोठं धुणं झालं. बादलीभर साबणाचं पाणी मोरीत ओतायला हात धजेना. मागच्या दाराच्या पायरीवर कोणी जात नाही म्हणून तिथे ओतलं. तिथे कोणी जात नाही ते खरं, पण बादली परत आणायला मीच गेले. मामाजी स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन भिंतीच्या कडेकडेने आले. हात धरून ओढलं नाही, वर्गात शिकवल्यासारखं म्हणाले, "घाई नको. आंधी कुशीवर. आता गुडघ्यावर. आता खुर्ची धर." मी हुकुमाप्रमाणे उभी राहिले. तेवढ्यात शेजारच्या शोभाताईंनी भिंतीवरून विचारलं, काय झालं वं? मी तोंड उघडायच्या आत मामाजी म्हणाले, "चक्कर आली तिले." मग माझ्याकडून किल्ली मागून घेतली, ट्रंक उघडली, मेडलांच्या डबीखालून एक खाकी पुडी काढली आणि ट्रंक परत बंद केली. पुडीत ट्रंकेला कुलूप लागेपर्यंत मी दिलेल्या सगळ्या गोळ्या होत्या. त्यातली एक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

शोभाताई अजून भिंतीवरून बघत होत्या. मी ती पाण्याबरोबर गिळली.