ओकुदाचाचांचं पाणी

३ नोव्हेंबर, बर दुबई

ओकुदाचाचा आज पुन्हा आमच्या फ्रेमच्या दुकानात! फ्रेम करायला काही नव्हतं, नुसते बसायला आले. वय ऐंशीच्या पुढे. मुलगी इथे नोकरीला, म्हणून जपान सोडून आले. चहा पिता पिता गिऱ्हाइकांची चित्रं काढतात – मॅनेजर असो की क्लीनर, नाक लांबच लांब. अक्रम पोट धरून हसतो. हसायला आमच्या नवऱ्याला नुसतं निमित्त लागतं.

६ नोव्हेंबर

चाचा चाळीस वर्षं तिकडच्या पेपरात व्यंगचित्रं काढायचे. रोज चार चौकटी. "बोटभर जागा रिकामी सोडली की संपादक तिथे जाहिरात टाकायचा." मोठी चित्रंही रंगवली, पण लोक आधीच हसायच्या तयारीने यायचे. आता एक चित्र असं काढायचंय, की बघून कुणाला हसू येऊ नये. एकच. हात थरथरतो, म्हणाले, फार दिवस साथ देणार नाही.

मी त्यांचा कप पुन्हा भरला.

१४ नोव्हेंबर

आणलं! हातभर उंच कागद. अगदी खाली कोपऱ्यात एक अब्रा, इथल्या खाडीतली लाकडी होडी, तिच्यात एकटा नावाडी. वर सगळं कोरं. बघता बघता त्या कोऱ्यात पाणी दिसायला लागलं, मग धुकं, मग आमची दाभोळची खाडी – पहाटेची, पलीकडचा काठ हरवलेली. एसी चालू होता, तरी अंगाला खारं वारं लागलं.

अक्रमला म्हटलं, बघ, दाभोळ. "गिऱ्हाईक उभं आहे, हुमेरा." गावाचं नाव काढलं की ह्याला काम आठवतं. वीस वर्षं हेच.

१६ नोव्हेंबर

मी मीना बाजारात गेले होते. आले तर चित्र फ्रेममध्ये – वहीच्या पानाएवढं! वरचं कोरं कापून टाकलेलं. "मोकळा कागद कशाला वागवायचा? रेडीमेड फ्रेममध्ये फिट बसलं. चाचा खूश होतील." इतक्या मायेने सांगत होता की भांडताही येईना. आता त्या चित्रात नावाड्याचं नाकच तेवढं दिसतं.

१७ नोव्हेंबर

चाचा मुलीबरोबर आले. ती हसली, "सो क्यूट, पापा!" अक्रमही हसला. चाचांनी चित्र पाहिलं. मग कमरेत वाकून अक्रमचे आभार मानले. फार वेळ वाकलेलेच होते.

"बघ, म्हटलं नव्हतं?" अक्रम मला म्हणाला.

ते गेल्यावर अक्रमला सगळं सांगितलं – चाचांना हसू न येणारं एकच चित्र काढायचं होतं, आणि ते कोरं म्हणजेच पाणी होतं. जेवला नाही.

२५ नोव्हेंबर

चाचा येत नाहीत.

२ डिसेंबर

दुपारी काउंटरवरच डुलकी लागली. स्वप्नात गल्लीभर पांढरा कागद वाहत होता, घोट्याएवढा. मी चपला हातात घेऊन चालले होते. कुणी काही विकत नव्हतं.

९ डिसेंबर

चाचा आले! नवा कागद, आधीपेक्षा मोठा. होडी नाही, नावाडी नाही. आडवी एक फिकट रेघ, हाताच्या थरथरीने हललेली. बाकी कोरं. "एवढंच जमलं."

अक्रमने कटर बाजूला ठेवला. कागद भिंतीला लावून समोर उभा राहिला. दोन गिऱ्हाइकं आली आणि गेली, ह्याचं लक्ष नाही. चाचा चित्राकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होते.

हसला नाही.

१० डिसेंबर

सकाळी शटर उघडता उघडता अक्रम म्हणाला, "खलास, हुमेरा. दाभोळला जाऊया. राहायलाच."