उतारावर लावलेली गाडी

देऊळगाव राजा,
२ एप्रिल २०२५

चि. प्रेमानंद यास ताईचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

कान गेल्यापासून फोनवरचं मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरते. म्हणून हे पत्र.

एस.टी.तून रिटायर झालास आणि जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवलीस. बुद्धपौर्णिमेला रेणुकाला घेऊन बोधगयेला निघणार म्हणतोस. कौतुकच आहे. पण पडद्यांचा रंग दोनदा लिहिलास आणि फ्रीज कोणता घेतला त्याबद्दल अक्षर नाही. रेणुका दिवसातून दोनदा इन्सुलिन घेते. दीड महिन्याच्या बाटल्या आणि मे महिन्याचं ऊन, या विचाराने माझी झोप उडाली आहे.

तीस वर्षं नर्स म्हणून मी लसी थंड राखल्या. औषध उन्हाने बिघडलं तरी बाटली दिसायला तशीच राहते, फसायला होतं. दोन ते आठ डिग्रीच्या मध्ये ठेव. बर्फाच्या कप्प्याला टेकवू नको, गोठलेलंही वाया जातं. माझ्या मते बॅटरीवरचा कॉम्प्रेसरचा फ्रीज घ्यावा. सोबत थर्मामीटर पाठवते. रोज सकाळ-संध्याकाळ आकडा बघ आणि मला कळव.

लोभ आहेच, पण उत्तर लवकर धाड.

तुझी ताई,
महामाया

---

उंद्री,
९ एप्रिल २०२५

ती. महामायाताईस प्रेमानंदचा सादर जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. तू रिटायर झालीस, पण तुझा दवाखाना काही बंद झाला नाही. बरं वाटलं.

फ्रीज घेतला आहे. बॅटरीवरचा नाही. बत्तीस वर्षं एस.टी. चालवताना बॅटरीने मला इतका दगा दिला की आता तिच्या जिवावर रेणुकाचं औषध ठेवायची हिंमत होत नाही. जालन्याच्या भंगारवाल्याकडे एका जर्मन जोडप्याच्या घरगाडीतला गॅसचा फ्रीज मिळाला. गाडी चालताना तो गाडीच्या करंटवर चालतो, उभी असताना सिलिंडरवर. आवाज म्हणशील तर अजिबात नाही. धूर बाहेर जायला पत्रा कापून जाळी लावली, बर्नरची काजळी काढली, ज्योत निळी आहे. दाराच्या रबरात कागद धरून ओढला, सुटला नाही. सोबतचं पुस्तक जर्मन आहे, ते कोणाला वाचणार? चित्रं पाहून जोडला. एका चित्रात तिरप्या फ्रीजवर फुली मारली आहे, म्हणजे नेताना आडवा करू नये. तेही पाळलं.

घराच्या अंगणात आठ दिवस चालवून पाहिला. तुझा थर्मामीटर आल्यापासून रोज सकाळी पाच डिग्री. आता जयंती झाली की सोनाळ्याला सुवर्णाच्या शेतावर पंधरा दिवस राहून येतो, म्हणजे गाडीची परीक्षा होईल आणि लेकीकडे राहणंही. तू उगीच जिवाला घोर लावून घेऊ नको.

लोभ ठेवच आणि रागावायचं झालं तर पत्रातच रागाव.

तुझा,
प्रेमानंद

---

सोनाळा,
२४ एप्रिल २०२५

ती. ताईंस रेणुकाचा सादर जयभीम. वि. वि.

हे पत्र मी ह्यांच्या नकळत लिहीत आहे. ह्यांना काही सांगायचं नाही, ही पहिली विनंती.

चार दिवसांपासून तहान भागत नाही. माठ रिकामा होतो तरी तोंड कोरडंच. काल सुवर्णाच्या मशीनवर उपाशीपोटी साखर तपासली, तीनशे चाळीस निघाली. इंजेक्शन एकदाही चुकलं नाही, खाणंही तेच. म्हटलं उन्हाने असेल. ह्यांना सांगितलं तर बोधगया रद्द करतील. सकाळ-संध्याकाळ गाडी पुसतात, ताई, इतके खुशीत मी त्यांना लग्नानंतर पाहिलं नाही.

बाकी ठीक. डोंगराच्या पायथ्याशी शेत आहे, रेंज नाही, मन रमतं. रात्रीचं दूध मात्र रोज सकाळी नासलेलं निघतं. हे म्हणतात गवळीच पाणी घालून राह्यला. तुमचा थर्मामीटर त्यांनी स्टेअरिंगपुढे टांगला आहे, ऊन किती ते पाहायला. गाडी नेहमीप्रमाणे उतारावरच लावतात. सुवर्णा म्हणाली की बाबा, खळ्यात सपाटावर लावा ना, तर म्हणाले की सकाळी सेल्फ लागला नाही तर धक्का कोण मारन, तुही माय? माझी उशी रात्रभर घसरते, म्हणून मी पाय उताराकडे करून झोपते.

तुम्ही काळजी करू नका. माया असू द्या, आणि शब्द पाळा.

तुमची,
रेणुका

---

देऊळगाव राजा,
२८ एप्रिल २०२५

चि. प्रेमानंद यास ताईचा जयभीम.

शेजारच्या अन्नपूर्णाने सकाळपासून सहा वेळा फोन लावला, तुमचा लागत नाही. टपालावर भरवसा नाही म्हणून हे पत्र बुलढाण्याच्या गाडीवरच्या शालिग्राम ड्रायव्हरच्या हाती देते. तुझं नाव सांगताच तो म्हणाला की प्रेमानंददादाचं असन तर हातोहात सोनाळ्याले पोचवतो.

तुला न सांगण्याची शपथ रेणुकाने मला घातली होती. ती मी मोडते आहे. तिची साखर तीनशे चाळीस आहे आणि ती तुझ्यापासून लपवते आहे.

दूध गवळ्याने नाही, फ्रीजने नासवलं. उंद्रीच्या अंगणात पाच डिग्री होती, कारण अंगण सपाट आहे. तू उतारावर गाडी लावतोस. तुझ्या जर्मन पुस्तकातली फुली नेण्यासाठी नव्हती रे, चालवण्यासाठी होती. माझ्या पहिल्या आरोग्य केंद्रात वीज नव्हती, रॉकेलवरचा फ्रीज होता. तोही असाच ज्योतीवर चालायचा आणि एका पायाखालची वीट सरकली की गार करणं सोडायचा. ज्योत निळीच दिसायची. तू गॅसचा घेतलास तेव्हाच मला हे आठवायला हवं होतं. माझंही चुकलं.

त्यातल्या सगळ्या बाटल्या फेक. एकही वाचवू नको. रेणुकाला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. नवीन औषध आणलंस की सुवर्णाच्या घरच्या फ्रीजमध्ये ठेव. तिच्यावर ओरडू नको. तुझं उत्तर येईपर्यंत मला अन्न गोड लागणार नाही.

महामाया

---

सोनाळा,
८ मे २०२५

ती. ताईस प्रेमानंदचा सादर जयभीम. वि. वि.

तुझं पत्र दुसऱ्याच दिवशी दुपारी शेतावर हातात पडलं. उभ्यानेच वाचलं. थर्मामीटर काढून फ्रीजमध्ये ठेवला, अर्ध्या तासाने पाहिला तर एकतीस. ज्योत निळीच होती.

रेणुकाला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. सलाईन, नवं इन्सुलिन. डॉक्टर म्हणाले की आणखी आठवडा गेला असता तर आमच्या हातात काही राह्यलं नसतं. हे ऐकून मी बाहेर बाकावर बसून रडलो, तुला म्हणून लिहितो. काल उपाशीपोटी एकशे तीस होती.

बत्तीस वर्षांत माझ्या गाडीतल्या एकाही माणसाला उतरून धक्का मारावा लागला नाही, याचा मला गर्व होता. तो गर्व मी घरी घेऊन आलो आणि तिच्या औषधावर लावून ठेवला.

पौर्णिमेला निघणार नाही, थंडीत निघू. गाडी आता खळ्यात सपाटावर आहे. फ्रीजच्या तळाशी सुताराची लेव्हल ठेवून पाहिली, बुडबुडा बरोबर मध्ये आहे. सकाळ-संध्याकाळ आकडा लिहितो, आज सकाळचा पाच. औषध मात्र तू सांगशील तेव्हाच आत जाईल. डावीकडचा पलंग तुझा आहे. तू आल्याशिवाय गाडी बोधगयेला जाणार नाही.

आणि व्हायचं तेच झालं. आज सकाळी बॅटरी बसली, सेल्फ लागला नाही. मी मेकॅनिकला बोलवायला निघालो तर रेणुका पदर खोचून मागे जाऊन उभी राहिली. नको म्हटलं तरी ऐकेना. सुवर्णा आणि ती, दोघींनी धक्का मारला. गाडी सुरू झाली.

लोभ आहे तसाच राहू दे. तो होता म्हणून आज पत्र लिहितो आहे.

तुझा,
प्रेमानंद

ता. क. – ताई, तुम्ही शब्द मोडलात म्हणून चार दिवस तुमच्यावर रुसले होते. आज धक्का मारताना लक्षात आलं की आपल्याला दम लागला नाही. मग रुसवा गेला. – रेणुका