आरसा, बैल, पायरी, मीठ, छत्री

प्रिय सोमा,

कोंडाजी सर उद्या सकाळी तुमच्या कॅम्पला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस. आणि दुसरं म्हणजे, हल्ली फोनवर मी एकच गोष्ट दोनदा सांगतो आणि तू म्हणतोस, दादा, आत्ताच सांगितलंस की. कागदाचं बरं असतं, मागचं वाचून पुढचं लिहिता येतं. आधी मुद्द्याचं सांगतो, शनिवारच्या मॅचला तू मॅटवर उतरू नकोस. चिडू नकोस, गाढवा, पुढं वाच.

आई बरी आहे. माझ्या जुन्या जर्स्या उसवून तिनं गोधडी शिवायला घेतलीय. आठ सीझन कबड्डी, सहा टीम, सहा रंग. बाकीच्यांना एकच टीम जन्मभर पुरते, आणि तुझा भाऊ म्हणजे फिरता गडी! ज्याचा रेडर जायबंदी होईल त्यानं बोलवायचं, तो बरा झाला की आपण पिशवी उचलायची. परवा आईनं विचारलं, हिरवी कुठल्या सालची रे? मी खूप वेळ हिरव्या तुकड्याकडं बघत बसलो. शेवटी उज्वलानं, तुझ्या वहिनीनं, साल सांगितलं. आईला वाटलं मी चेष्टा करतोय.

गेल्या वर्षीही मी चेष्टाच केली असं सांगून सुटलो होतो. पिवळ्यांविरुद्धची मॅच आठवते ना? आदल्या सीझनला मी त्यांच्याकडूनच खेळलो होतो. रेडला गेलो, पकड झाली आणि कुणाचा तरी गुडघा कानशिलावर बसला. उठलो तो सरळ पिवळ्यांच्या बाद झालेल्या पोरांत जाऊन बसलो. त्यांच्या कॅप्टनला विचारलंसुद्धा, पुढची रेड कुणाची? सगळं स्टेडियम हसलं. त्याचा व्हिडिओ गावभर फिरला, तूही हसरी तोंडं लावून पाठवलास. मी सगळ्यांना सांगितलं, मुद्दाम केलं, जुन्या दोस्तांची गंमत. सोमा, गंमत नव्हती रे ती. अंगावरची निळी जर्सी मला दिसत होती आणि तरी मी पिवळ्यांचाच होतो. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही, उज्वलालाही नाही.

त्या दिवशी टीमच्या फिजिओनं बाजूला घेतलं आणि डोक्याला मार लागला की विचारतात ते नेहमीचे पाच शब्द सांगून लक्षात ठेवायला लावले. पाच मिनिटांनी विचारले. मी तडातड म्हणून दाखवले. का नाही दाखवणार? फॉर्म एकच, शब्द तेच, सगळ्या जुन्या खेळाडूंना पाढ्यासारखे पाठ. महिने उलटे म्हणायचे तेही पाठ. मी पास झालो आणि दुसऱ्या हाफला परत उतरलो. आणि तू कॅम्पला जायच्या आदल्या दिवशी तुला गच्चीवर बसवून तेच घोकून घेतले. आरसा, बैल, पायरी, मीठ, छत्री. टीम डोक्याला मार लागलेला गडी ठेवत नाही, म्हणून पाठ कर, असं मीच म्हणालो. मोठ्या भावानं काय द्यावं तर हे दिलं मी तुला. लाज वाटते.

काल दुपारी तुझा फोन आला. मंगळवारी प्रॅक्टिसला डोक्यावर गुडघा बसला, दोन मिनिटं डोळ्यांपुढं अंधार, नंतर एक उलटी, पण ती कुणाला सांगितली नाही. शब्द सगळे बरोबर आले, दादा, तुझी कृपा, म्हणून हसलास. मीही ‘हं’ म्हणालो. मग तू सहज विचारलंस, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी ठरलंय? सोमा, ऑपरेशन दिवाळीच्या आधीच झालं. तू स्वतः पंधरा दिवस राहून तिच्या डोळ्यात थेंब घालत होतास. मी तसाच फोन ठेवला.

ही सुरुवात मला ठाऊक आहे, म्हणून जास्त भीती वाटते. माझीही अशीच झाली. फेब्रुवारीत मृण्मयीला शाळेतून आणत होतो, द्वारका चौकाच्या सिग्नलला थांबलो आणि घर कुठल्या बाजूला ते कळेना. रोजचा रस्ता! मागची माणसं हॉर्न वाजवतायत, शिव्या देतायत. पोरगी पाठीमागून म्हणाली, बाबा, डावीकडं. तेव्हापासून ती रोज डावीकडं-उजवीकडं सांगते, तिला तो खेळ वाटतो. महिन्याभरापूर्वी मी गाडीच बंद केली, पेट्रोल परवडत नाही म्हणून सांगितलं.

इथवर लिहून पेन ठेवला आणि सगळं परत वाचलं. तुला मी ओळखत नाही होय? तू हे वाचशील, डोळे पुसशील, पत्र बॅगेत कोंबशील आणि शनिवारी उतरशील. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. म्हणून आत्ताच तुमच्या टीमच्या डॉक्टरांना फोन लावला. उलटी सांगितली, ऑपरेशनचं सांगितलं आणि ते पाच शब्द कुणी पाठ करून घेतले तेही सांगितलं. त्यांनी माझीही चौकशी केली. नवे पाच शब्द दिले. फोन ठेवायच्या आत विचारले तेव्हा दोनच आले, जुने पाच मात्र अजून तोंडावर आहेत. या वर्षी मलाही कुणी बोलावणार नाही आता, ते मी समजून आहे. हे पत्र आता तुला अडवायला नाही, सोमा. तुझं गुपित कुणी फोडलं ते दुसऱ्याच्या तोंडून तुला कळू नये, एवढ्यासाठी पाठवतोय. तुला बाहेर बसवतील, तपासण्या करतील. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण घरी येऊन घाल. नाशिकरोडला उतरलास की स्टेशनच्या जिन्यापाशी थांब, एकटा निघू नकोस. मी मृण्मयीला घेऊन रिक्षानं येतो. घरचा रस्ता ती सांगेल आपल्याला.

तुझाच,
गोरक्षदादा