हृदय ठणठणीत असल्याबाबत खुलासा व फाटकावर परत पाठवण्याची विनंती

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सह्याद्री निवास अतिथिगृह,
कस्तुरबा गांधी मार्ग, नवी दिल्ली.

अर्जदार: कृष्णात दत्तू चौगले, सुरक्षा पर्यवेक्षक (सेवानिवृत्त हवालदार)

विषय: लिफ्ट अडकली असता जिन्याने धावत गेल्याबद्दल खुलासा, आणि लिफ्टशेजारच्या खुर्चीवरून मुख्य फाटकावर परत पाठवण्याबाबत.

संदर्भ: आपले कालचे कारणे दाखवा पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करतो की,

१. दोन पाहुणे लिफ्टमध्ये अडकले असता मी जिन्याने धावत वर गेलो व दार उघडले, हे खरे आहे. ‘हृदयविकार असताना स्वतःचा जीव धोक्यात घातला’ हा आरोप मात्र मान्य नाही, कारण मला हृदयविकार नाही.

२. रजेच्या अर्जात मी ‘छातीचा विकार’ एवढेच लिहिले होते. कार्यालयाने त्याचा अर्थ हृदय असा घेतला आणि मी तो घेऊ दिला. पुरुषमाणसाला शोभेल असा तो आजार आहे, असे मला वाटले. तेव्हापासून मला खुर्ची मिळाली. सहकारी दिलीप मला पाण्याची बाटलीही उचलू देत नाही. स्वयंपाकघरातील बाळ कदम वेगळ्या पातेल्यातली अळणी आमटी वाढतो. मी जांभई दिली असता नाशिकच्या एका पाहुण्यांनी घाईघाईने माझ्या जिभेखाली स्वतःची हृदयविकाराची गोळी ठेवली. पाहुण्यांचा मान राखून मी ती विरघळू दिली. दिवसभर डोके ठणकत होते.

३. माझा खरा आजार स्तनाचा कर्करोग हा आहे. हे वाक्य लिहिण्यापूर्वी बरेच कागद फाडले, ते कार्यालयाचे नसून माझे स्वतःचे होते. डाव्या बाजूला गाठ लागली तेव्हा मी डास चावला असे ठरवून मोकळा झालो होतो. पत्नी हौसाबाई म्हणाली, “एवढा मोठा डास कॅन्टोन्मेंटातसुद्धा नसतो. उठा, डॉक्टरकडे चला.” निदान ऐकल्यावर मी डॉक्टरांना नम्रपणे विचारले की फाइल बदलली तर नाही? ती माझीच होती. पुरुषांनाही हा आजार होतो, पण क्वचित. एवढ्या नोकरीत माझी खास निवड अशी कशासाठीही झाली नव्हती, ती येथे झाली.

४. शस्त्रक्रिया झाली व आता किरणोपचार चालू आहेत. कामावर उशीर होतो तो त्यामुळे, व त्यात दोष यंत्राचा नसून माझा आहे. टेबलावर हात डोक्यामागे घेऊन निजावे लागते. किरण देण्यापूर्वी यंत्र छातीचे चित्र घेते आणि ते नियोजनाच्या दिवशी घेतलेल्या चित्राशी जुळवून पाहिले जाते. डाव्या बाजूला खाली हृदय व फुफ्फुस असल्याने जरासे सरकलेलेही चालत नाही. माझ्या उपचारात हृदयाचा संबंध एवढाच, की त्याला धक्का लागू नये.

नियोजनाच्या दिवशी मी घाबरून पार गळून पडलो होतो, त्यामुळे माझे अधिकृत चित्र त्या अवस्थेतले आहे. पुढे मात्र स्पीकरमधून “अंकल, हिलना नहीं” ऐकू येताच मी सावधान होत असे. छाती आपोआप फुगे. चित्र जुळत नसे. तंत्रज्ञ मॅडम आत येऊन म्हणत, “अंकल, ये परेड नहीं है, ढीला छोड़िए.” मी म्हणे, “ढीला ही है, मॅडम.” चित्रात ते दिसत नसे. त्या मला डावीकडे सरकवू लागल्या की मी आज्ञा समजून स्वतःच त्याहून जास्त सरकत असे. पुन्हा चित्र, पुन्हा मॅडम. बाहेर बसलेल्या बायकांचा खोळंबा होई.

त्या बायका मला पेशंटचा नवरा समजत. एकीने विचारलेही, “भाईसाहब, वाइफ अंदर हैं?” शेजारी बसलेली हौसाबाई म्हणाली, “वाइफ मी. पेशंट ये हैं.” मला टेबलाखाली शिरावेसे वाटले, पण तिथे टेबल नव्हते. आमचे मराठी ऐकून लक्ष्मीबाई नगरच्या सुखदाताई उठून जवळ आल्या. त्यांचेही तेच उपचार चालू आहेत. त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही त्यांना मदत करता का?”

“करतो की. सवयच आहे.”

“बिल्कुल करू नका. कणकेच्या गोळ्यासारखे पडून राहा. त्या हलवतील तसं हलायचं.”

त्या दिवशी मी कणीक झालो. चित्र पहिल्याच खेपेस जुळले. मॅडम म्हणाल्या, “वाह अंकल!” सैन्यात ढिलेपणाबद्दल मला कधी शाबासकी मिळाली नव्हती. बाहेर आलो तेव्हा डोळे भरून आले होते. हौसाबाईने काही न विचारता पदर पुढे केला आणि मी तो घेतला.

५. काल आपले पत्र हाती पडल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो व सर्वांसमक्ष आजाराचे नाव सांगून मीठ मागितले. मग बाळ म्हणाला, “मग इतके दिवस ती आमटी का खाल्लीत?” सगळे हसले, मीही हसलो. चालक शंभू हसला नाही. तो माझ्यामागून जिन्याखाली आला, शर्टाची बटणे काढली आणि माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. “हवालदारसाहेब, हे काय असेल? घरी सांगितलेलं नाही.” मी हौसाबाईचेच वाक्य म्हटले, “डॉक्टरकडे चल.”

तरी विनंती की, वरील खुलासा मान्य करून मला फाटकावर परत पाठवावे, आणि उपचार संपेपर्यंत दुपारची पाळी द्यावी. फाटकावर उभे राहण्यास डॉक्टरांची हरकत नाही.

दुसरी विनंती तातडीची आहे. शंभूने उद्याच्या रजेचा अर्ज दिला आहे. त्याच्या संमतीने हे लिहीत आहे, कृपया आपल्यापुरते ठेवावे. अर्जात त्याने कारण ‘दातदुखी’ लिहिले आहे. मी ते बदलायला सांगितलेले नाही. रजा दातांच्या नावावर मंजूर झाली तरी चालेल, पण उद्याचीच व्हावी. रुग्णालयात मी त्याच्यासोबत जाणार आहे.

आपला, खुर्चीला कंटाळलेला,
(सही)
कृष्णात दत्तू चौगले
दि. १९ नोव्हेंबर २०२४

सोबत: रुग्णालयाचे प्रमाणपत्र (आजाराचे पूर्ण नाव असलेले).