मी बरी आहे, तू त्यांचं बघ

प्रिय ताई,

भाऊजींनी हे पाकीट हातात ठेवलं की तू म्हणशील, याला फोन करायला काय झालं? फोन तू हल्ली दोन वाक्यांत ठेवून देतेस. पत्र मात्र अर्धवट टाकायचा तुझा स्वभाव नाही. अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे, लावून वाच.

आमच्या छोट्या रुग्णालयातल्या बायका-पुरुषांच्या एकुलत्या वॉर्डात सध्या एक गृहस्थ आहेत. पाय मोडलाय, आवाज शाबूत आहे. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना भोंगा म्हणतो. मी चांगला मिशीवाला माणूस, तरी ते मला ‘ओ सिस्टर!’ अशीच हाक मारतात. आधी मी ‘ब्रदर, ब्रदर’ करून दुरुस्त करायचो, आता मुकाट्याने ओ देतो. कोपऱ्यातल्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेली एक शिवणकाम करणारी मावशी आहे. तुझी सख्खी बहीण शोभेल! चहा गार म्हणून भांडण, चादरीची शिवण वाकडी म्हणून भांडण, माझ्या गणवेशाचं बटण लोंबतंय म्हणून तर रोजच भांडण.

गेल्या आठवड्यात एका सकाळी नुसता गोंधळ उडाला. भोंग्याची उशी घसरली म्हणून त्याने वॉर्ड डोक्यावर घेतला. एकाचं सलाईन संपत आलेलं, एकाला घरी जायची घाई आणि त्याचे नातेवाईक हात धुऊन माझ्या मागे लागलेले. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे हे तो स्वतःच सांगतोय, जो गप्प झालाय त्याच्याकडे आधी जा. मी सलाईन सोबतच्या सिस्टरवर सोपवलं, नातेवाईकांना बसवलं आणि सगळ्या खाटांवरून नजर फिरवली. मावशीचा चहा तसाच पडलेला, वर साय धरलेली. जवळ जाऊन विचारलं तर हळूच म्हणाली, मी बरी आहे रे, तू त्यांचं बघ. ताई, गार चहावर एक शब्द नाही?

हात धरला तर थंडगार, घामाने ओला. नाडी भरभर, पण बोटाला जेमतेम लागणारी. रक्तदाब पार खाली गेलेला. घंटा दाबली, तिचे पाय उंच केले, ऑक्सिजन लावला, तोवर डॉक्टर धावत आले. पोटात आत रक्तस्राव होत होता. तिला तसंच पुन्हा ऑपरेशनला नेलं. मागे भोंगा ‘माझी उशी!’ म्हणून कोकलतच होता. मला त्याचा राग आला नाही. म्हटलं, ओरड बाबा, खुशाल ओरड.

वाचली गं मावशी. नीट शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर बटण अजून नाही लावलंस? सगळ्यांदेखत मी ढसाढसा रडलो. भोंगाही ओशाळला आणि त्याने आता नवंच काम अंगावर घेतलंय. तिचा जरा डोळा लागला की बोंब मारतो, ओ सिस्टर, ही बोलत नाहीये! बिचारीला सुखाने झोपू देत नाही.

आता मुद्द्याचं. महिना झाला, तू मला एकदाही झापलं नाहीस. शेजारीण, भाऊजींचं घोरणं, माझं रखडलेलं लग्न, कशाबद्दल म्हणून तक्रार नाही. विचारावं तर ‘मी बरी आहे रे, तू तुझं बघ.’ मावशीच्या तोंडून तेच ऐकलं आणि मला तूच दिसलीस. काल भाऊजी दोन दिवसांच्या कामाला इकडे आले, तेव्हा त्यांना खोदून खोदून विचारलं. जिना चढताना तुला धाप लागते, मध्येच बसावं लागतं, आणि मला सांगायचं नाही अशी त्यांना ताकीद आहे म्हणे! त्यांच्यावर चिडू नकोस, मी त्यांना चहासुद्धा न देता बोलतं केलं. उद्या सकाळी मी येतोय, डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय. छातीत जरा जरी जड वाटलं तर माझी वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा, हे भाऊजींना बजावलंय. घाबरलोय मी, ताई. तेव्हा न विचारता कारभार केला म्हणून दारातच मला फैलावर घे, तुझा आवाज चढलेला ऐकला की माझा जीव भांड्यात पडेल. बटण अजून लोंबतंच आहे. मुद्दाम लावलं नाही, तुला बोलायला काहीतरी हवं ना.

तुझंच,
शेंडेफळ